खिंडीचा चढ: रस्ता मस्त आहे, म्हणूनच बोनेट उघडून बघा

"रस्ता एकदम मस्त आहे, डोळे झाकून जा," असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांशी माझं भांडण आहे. रस्ता मस्तच आहे, आणि तिथेच फसायला होतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस आपसूक थांबत, सावरत जातो. इथे डांबर गुळगुळीत, वळणं ऐसपैस, कठडे शाबूत, आणि चढ मात्र पायथ्यापासून खिंडीपर्यंत कुठेही सुटत नाही. इंजिनाला उसंत मिळेल असा एक सपाट तुकडा नाही. गाडीच्या कूलिंगमध्ये काही खोट असेल तर हा चढ ती हमखास बाहेर काढतो. माझ्या गाडीत होती, आणि "सगळं चेक केलंय" असं सांगून ती गाडी माझ्या हाती दिली गेली होती.

पलीकडचं पठार सुंदर आहे, तळं निळं आहे, तिथले दिवस सुखात गेले. संपलं. बाकी सगळं चढाबद्दल. तुम्हाला दुसऱ्या गियरमध्ये चढ काढता येतो, ऑइलची कांडी बघता येते आणि बोनेटची खिटी कुठे असते हे माहीत आहे, असं धरून चालतो.

निघण्याआधी गाडी गॅरेजला दिली होती. बिलावर "कूलिंग सिस्टीम तपासणी व टॉप-अप" अशी स्वतंत्र ओळ होती आणि तिचे पैसेही स्वतंत्र. तपासणी म्हणजे काय, तर ओव्हरफ्लोच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत डोकावायचं. टॉप-अप म्हणजे काय, तर नळाचं पाणी ओतून पातळी वरच्या रेघेला टेकवायची. दर सर्व्हिसिंगला हेच होत आलं असणार, कारण कूलंटचा, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाचा, रंग ब्रश बुडवलेल्या पाण्यासारखा फिका झाला होता. पण बाटली भरलेली! वरून कीर्तन, आतून तमाशा.

आता चढ. पहिल्या तासात काहीच होत नाही, उलट गाडी छान चालल्यासारखी वाटते. त्रास निम्म्याच्या पुढे सुरू होतो, जिथे दरी डाव्या हाताला येते आणि वारा मागून वाहायला लागतो. ही मागच्या वाऱ्याची गोष्ट कोणीच सांगत नाही. पुढे मालट्रक चालण्याच्या वेगाने रांगतोय, तुम्ही त्याच्या मागे, वारा तुमच्याच दिशेने तुमच्याच वेगाने. म्हणजे रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट वाऱ्याने गार करणाऱ्या, जाळीतून वारा जवळपास शून्य. हमरस्त्यावर वेगाने जाताना रेडिएटरचा पंखा बंद असला तरी निभावतं. इथे सगळी भिस्त त्या एका पंख्यावर. वर ट्रकच्या मागची तापलेली हवा. इंधनातल्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग कूलंटमार्फत बाहेर टाकावा लागतो, आणि चढावर इंधन धो धो जळत असतं.

काटा मधोमध होता तो हलला. बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मध्यावर ढिम्म बसून राहतो. त्यामुळे तो एकदा उठला की "बघू पुढच्या वळणापर्यंत" म्हणायची वेळ गेलेली असते. मी एसी बंद केला, काचा उघडल्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर टाकला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. आत बसणाऱ्यांची भट्टी होते, होऊ द्या. थोडा वेळ काटा खाली आला. मग हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली आणि काटाही भराभर पडला.

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना इथे हायसं वाटेल. तो सापळा आहे. हीटरमधून गार हवा म्हणजे तिथे कूलंट पोचतच नाही. काटा पडला कारण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. भोवती नुसती वाफ किंवा हवा असेल तर तो वाटेल ते दाखवतो. लगेच कडेला घ्या, इंजिन बंद करा. फक्त काटा चढलाय, वाफ नाही, हीटर गरम हवा देतोय, तर मिनिटभर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून पंख्याला काम करू देता येतं. वाफ दिसली, काटा लाल पट्ट्यात गेला किंवा कूलंट गेल्याची शंका आली, तर चावी फिरवायची आणि उतरायचं.

थांबण्यासाठी वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोकळ्या जागा आहेत. वाळकं गवत असलेली जागा नको. वाफ येत असेल तर बोनेटही लगेच उघडू नका. आतली खिटी ओढून ठेवा आणि वाफ ओसरल्यावर बाजूला उभं राहून उचला. हात पंख्यापासून लांब, कारण इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही आपोआप सुरू होऊ शकतो.

आता तो प्रसंग, ज्यावरून माझा अजूनही संताप होतो. बोनेट उघडं दिसल्यावर खालच्या वळणावरच्या गॅरेजचा माणूस मोटरसायकलवरून आला आणि थेट ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाला भिडला. "उघडून गार पाणी ओततो, पाच मिनिटांत मोकळे." मी त्याचं मनगट धरलं. तो हसला. हसू दे. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल झालं की दाब जातो, त्यातलं काही त्याच क्षणी वाफ होतं आणि उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येतं. फडक्याने हात वाचेल कदाचित, चेहरा नाही. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो, म्हणजे जी गाडी वाचवायची तीच संपली.

थांबायचं म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास, उन्हात त्याहून जास्त. रेडिएटरवर हात टेकवता येईल इतका तो निवला पाहिजे. मग जाड कापड, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंड बाजूला. टोपण आधी न दाबता पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचं. फुस्स आवाज आला तर तिथेच थांबायचं, आवाज पूर्ण मरेपर्यंत. नंतर दाबून काढायचं. ज्या गाड्यांत दाबाखालची टाकीच असते, तिथे आट्यांचं टोपण थोडंथोडं सैल करायचं, नियम तोच.

गाडी निवत असताना खरा रोग डोळ्यांसमोर उलगडला. रेडिएटरचा वरचा होज पाईप हळूहळू आत ओढला जाऊन चपटा झाला, टूथपेस्टच्या संपत आलेल्या ट्यूबसारखा. आणि शेजारची बाटली काठोकाठ भरलेली.

टोपणात दोन झडपा असतात. मोठी, स्प्रिंगची: टोपणावर कोरलेल्या दाबापर्यंत, म्हणजे ०.९ किंवा १.१ बार वगैरे, ती बंद राहते आणि त्यापुढे जास्तीचं कूलंट बाटलीत सोडते. छोटी, मधली: इंजिन निवताना आत पोकळी तयार होते तेव्हा ती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत आत येऊ देते. माझ्या टोपणाची मोठी स्प्रिंग मेली होती आणि छोटी झडप क्षारांच्या पांढऱ्या खपलीने चिकटून बसली होती. नळाच्या पाण्याची कमाई! म्हणजे कूलंट बाटलीत जात होतं, परत येत नव्हतं. बाटली भरत गेली, रेडिएटर रिकामा होत गेला, आणि तपासणारा बाटली बघून खूश.

दाब का महत्त्वाचा, तेही इथेच कळतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी होतो. अडीच हजार मीटरवर ते ९२च्या आसपास उकळतं. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट गरम झाल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप, मुळी ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो आणि इंजिनाचं रोजचं काम ९० ते १०५मध्ये चालतं. म्हणजे दाब धरणारं टोपण नसेल आणि आत जवळपास पाणीच असेल, तर खिंडीपाशी गाडी तापण्याआधीच उकळणार. तेच निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मूळ रसायन), निम्मं पाणी आणि धडधाकट टोपण असेल तर समुद्रसपाटीला उत्कलनबिंदू १२५च्या पुढे जातो.

गॅरेजवाल्याचं निदान: रेडिएटर गेला, कूलंट फिरवणारा वॉटर पंप गेला, दोन्ही बदला, आणि थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब नव्हता, पुली हलत नव्हती, बेल्ट घट्ट होता, रेडिएटर कुठे ओला नव्हता. मी फक्त टोपण मागितलं. त्याच आकड्याचं टोपण त्याच्या डब्यात निघालं, म्हणजे या चढावर हा धंदा नेहमीचा असावा. भाव लावला तो दुकानातल्या भावाच्या कितीतरी पट, वर "तपासणी"चे पैसे वेगळे. दिले. दुसरा इलाज नव्हता आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. म्हणून सांगतो, एक नवं टोपण बरोबर घेऊन निघा. सगळ्या गाडीत याच्याइतकी स्वस्त आणि याच्याइतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नसेल.

थर्मोस्टॅट काढायच्या सल्ल्याला मात्र साफ नकार द्या. तो नसला की इंजिन नीट तापतच नाही, इंधन जास्त खातं आणि झिजतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला बगल देऊन फिरत राहतं आणि चढावर गाडी आणखी तापते.

बरोबरच्या डिस्टिल्ड पाण्याने रेडिएटर भरला, इंजिन चालू करून हीटर गरमवर ठेवला, बुडबुडे येऊन थांबेपर्यंत पातळी राखली, मग नवं टोपण लावलं. बुडबुडे थांबलेच नसते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला असता किंवा ऑइल दुधाळ दिसलं असतं, तर हेड गॅस्केट (हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं समजून गाडी ओढूनच न्यावी लागली असती. तसं काही नव्हतं.

त्यानंतर गाडी चढली ती अशी, की खिंडीच्या माथ्यावर मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. काटा मध्यावरून हलला नाही. त्या भरात सांगायचं तर उद्या सकाळी परत हाच चढ चढायला तयार आहे, वाऱ्यासकट. पण पहाटे, ट्रक निघायच्या आधी, आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून.

पलीकडच्या गावात पोचल्यावर पहिलं काम सगळं कूलंट काढून नवं भरण्याचं. पठारावर रात्री पारा शून्याच्या खाली जातो; पातळ झालेलं कूलंट गोठून फुगलं तर ब्लॉक फुटतो. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५च्या खालीही तग धरतं. "जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं" हेही खोटं: नुसतं ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं आणि उणे १३च्या आसपासच गोठतं. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं याला काही एक प्रमाण नाही; गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. वेगवेगळे प्रकार मिसळले की गंजरोधक रसायनं लवकर संपतात, कधी गाळही धरतो. गळती थांबवायची पावडर-बिवडर टाकू नका, ती आधी हीटरच्या नळ्या तुंबवते.

काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका, गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही तितकंच घातक. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजच्या टाकाऊ द्रवांच्या पिंपात द्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी, गार गाडीवर, रेडिएटरचं टोपण स्वतः उघडा. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे, नुसती बाटली बघून भागत नाही. टोपणाचं रबर कडक झालंय का, मधली चकती नखाने ओढल्यावर हलते का, बघा. होज पाईप दाबा; पिठासारखे मऊ किंवा क्लिपेपाशी फुगलेले असतील तर बदला. इंजिन चालू करून एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला हवा. नसेल फिरत तर फ्यूज आणि रिले बघा, त्याशिवाय या चढाचं नावही काढू नका. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा, तिथे किडे आणि धूळ यांचा नमदा साचतो. तो साध्या पाइपच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर धुवायचा. प्रेशर वॉशर जवळून मारू देऊ नका. माझ्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या भागातल्या पात्या तशाच आडव्या झाल्यात, त्यातून वारा जात नाही, आणि त्या धुण्याचेही पैसे बिलात आहेत.