राहून गेलेलं उणे

लेकीचा उद्या भौतिकशास्त्राचा पेपर. आज दुपारभर भिंगाच्या एकाच गणितावर अडलो. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, तर प्रतिमा किती अंतरावर? उत्तर हवं ६०, तिचं सारखं १२ येत होतं. अगदी रडकुंडीला आली. सूत्र तोंडपाठ, पण वस्तूचं अंतर उणे घ्यायचं राहत होतं.

शेवटी वही मिटली. घरातलं भिंग साधारण तेवढ्याच नाभीय अंतराचं. अंधार केला, भिंगापासून ३० सेंमीवर मेणबत्ती लावली आणि पलीकडे पुठ्ठा हळूहळू मागे नेत गेलो. ६० सेंमीच्या आसपास ज्योत उमटली! उलटी, दुप्पट मोठी, किंचित थरथरणारी.

"बाबा, म्हणजे ६० खरंच असतं?"

(मला शाळेत हे कुणी दाखवलं नव्हतं, आज फार हळहळ वाटली.)

मग तिनेच पेन्सिल उचलली. आधी उणे लिहिलं.