बोया गप्प होता

आमच्या बीचवर मोबाइलला रेंज नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉडच्या अटलांटिककडच्या बाजूला वाळूच्या उंच टेकड्या आहेत, त्यांच्या पायथ्याशी सिग्नल पोचतच नाही. म्हणून वरून पायवाट उतरते तिथे आणीबाणीचा फोन बसवलाय आणि शेजारी एक पेटी ठेवलीय. पेटीत जखमेत भरायच्या पट्ट्या, हातमोजे आणि रक्त थांबवायला हातापायाला आवळायचे टूर्निकेट. 15 सप्टेंबर 2018 ला वेलफ्लीटच्या न्यूकम हॉलो बीचवर 26 वर्षांचा एक मुलगा शार्कच्या चाव्याने गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये असा मृत्यू 1936 नंतर पहिलाच. तेव्हापासून या किनाऱ्यावर आमचं काम बदललं. आधी जीवरक्षक म्हणजे बुडणाऱ्याला ओढून काढणारा. आता ड्युटीवर चढताना मी आधी ती पेटी उघडून बघते.

मी मूळची मालवणची. दहावीनंतर आईवडिलांबरोबर इकडे आले. मोरी आणि मुशी, म्हणजे छोट्या शार्क, मी बाजारात टोपलीत पाहिलेल्या, हाताएवढ्या, कालवणाच्या. त्याच कुळातला मासा साडेदहा फुटी रेस्क्यू बोर्डापेक्षा लांब असू शकतो, हे पहिल्यांदा मचाणावरून पाहिलं तेव्हा बराच वेळ तोंडातून शब्द फुटला नव्हता.

त्या दिवशी ऑगस्टमधला शेवटचा रविवार होता. ऊन कडक, वारा पडलेला, पाणी मात्र असं की शिरताना दात वाजावेत. या थंडीचं ग्रेट व्हाइट शार्कला काही नाही. तिचं रक्त स्नायूंतली ऊब धरून ठेवतं, त्यामुळे गार पाण्यातही ती ताकदीने पोहते. आणि ती येते सील या सागरी प्राण्यांच्या शिकारीसाठी. इथे 1962 पर्यंत सील मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. 1972 च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं, मग हळूहळू सील परतले, हजारोंनी. त्यांच्यामागून शार्क आल्या. मला यात वाईट काही दिसत नाही. समुद्र पुन्हा भरला, एवढंच. पण त्याच पाण्यात आम्ही माणसं सोडतो, त्यामुळे जबाबदारी आमची.

सकाळी एक मराठी कुटुंब मचाणाजवळून गेलं. आजी नातवाला म्हणाल्या, "टोपी घाल रे, डोकं तापेल." मी वरूनच म्हटलं, "काकू, पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ देऊ नका हं त्याला." त्या थबकल्याच. मग पंधरा मिनिटं गप्पा, साताऱ्याच्या. काका निवृत्त शिक्षक, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले. जाताना त्यांनी माझ्या हातात चिवड्याची पुडी कोंबली. मी त्यांना जांभळा झेंडा दाखवला, त्यावरचा शार्क दाखवला, सीलजवळ जायचं नाही हे सांगितलं. वाळूच्या बांधाबद्दल मात्र सांगायचं राहिलं. ते मला अजून लागतं.

आमच्याकडे किनाऱ्याला समांतर वाळूचे बांध असतात. ओहोटीला ते उघडे पडतात आणि लोक चालत तिथवर जातात. पण बांध आणि किनारा यांच्यामध्ये एक चर असते, काही ठिकाणी दोन पुरुष खोल. सील तिथून जातात, म्हणून शार्कही तिथूनच. माणसांना वाटतं शार्क म्हणजे दूर समुद्रात. ती आपल्या टॉवेलपासून वीस पावलांवर असू शकते.

दुपारी दोनच्या सुमाराला भरती लागली होती. उत्तरेकडून सात-आठ सील पाण्याच्या कडेकडेने सरकत आले, अंग जवळजवळ वाळूला घासत. सील एवढे कडेला येतात तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवत नाही. चरीत पाणी एकदम फुगलं, जसं पातेल्यात तळापासून उकळी यावी. शेपटीचा एक फटका. मग पृष्ठभागावर तेलकट गुळगुळीत डाग पसरला आणि त्याच्या मधोमध लाल.

तीन लांब शिट्ट्या. माझा जोडीदार खाली उतरून पाण्याच्या कडेने धावत सुटला. दोन मिनिटांत कडेचे सगळे बाहेर आले. या किनाऱ्यावर आता लोक पटकन ऐकतात.

बांधावर दोघं राहिले. काका आणि नातू. पाणी त्यांच्या घोट्याला.

किनाऱ्यावरचे सगळे ओरडायला लागले, बाहेर या, बाहेर या. काकांनी नातवाचा हात धरला आणि आमच्या दिशेने, म्हणजे सरळ त्या चरीकडे पाऊल टाकलं.

मी भोंगा उचलला. इंग्रजीत थांबा म्हटलं. काकांना इंग्रजी उत्तम येतं, पण लाटांच्या आवाजात, भोंग्यातून फाटून आलेलं, वर पन्नास माणसांचा गलका. ते चालतच होते. मग मी जीव खाऊन मराठीत ओरडले, "काका, थांबा! तिथंच उभे राहा! पाण्यात उतरू नका!"

ते थांबले. एक पाय चरीच्या उतारावर होता, तो मागे घेतला.

निर्णय बरोबर होता का, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. चर ओलांडायला त्यांना अर्धा मिनिट लागला असता, पोहत, मुलाला धरून, रक्ताच्या पाण्यातून. बांधावर थांबले तर भरती चढत होती. मी वायरलेसवर शेजारच्या बीचची जेट स्की मागवली. मुलाचे वडील पाण्याकडे धावले, जोडीदाराने त्यांना कमरेला मिठी मारून अडवलं. काकू वाळूवर बसल्या होत्या, हात जोडून, एक शब्द न बोलता. पेटी आणून मी टूर्निकेट उलगडून टॉवेलवर ठेवलं. त्याचा काळा पट्टा उन्हात तापला होता.

"काका, मुलाला कडेवर घ्या. बांधाच्या मधोमध या. पाय आपटू नका."

"किती वेळ, पोरी?"

"गाडी निघालीय. मी इथेच आहे."

त्यांनी नातवाला कडेवर घेतलं. पाणी घोट्यावरून पोटरीपर्यंत आलं. एकदा चरीत पाठीवरचा पंख वर आला, सावकाश, आणि पुन्हा गेला. काकांनी तो पाहिला. त्यांनी मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं आणि काहीतरी म्हणत राहिले. नंतर कळलं, ते पाढे म्हणत होते, बाराचा, तेराचा, आणि पोर बरोबर म्हणत होतं.

अकरा मिनिटांनी जेट स्की बांधाच्या बाहेरच्या, समुद्राकडच्या बाजूने आली. आधी मुलगा, मग काका. लांब वळसा घालून त्यांना दक्षिणेला उतरवलं. काका माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझे गुडघे तेव्हा लटपटायला लागले, त्याआधी नाही.

नियमाप्रमाणे तासभर पाणी बंद. त्या तासात एक गृहस्थ विचारायला आले, बोयाने इशारा कसा दिला नाही? प्रश्न रास्त होता. आमच्यासमोर पाण्यावर तरंगणारा एक बोया आहे. टॅग, म्हणजे आवाजाचे संकेत सोडणारं छोटं यंत्र, लावलेली शार्क काही शे मीटरच्या आत आली की तो ऐकतो आणि निरोप वायरलेसवरून आमच्यापर्यंत येतो. उपयोगाची गोष्ट आहे, मला ती हवीच. पण 2015 ते 2018 या काळात केपच्या पाण्यात सुमारे 800 वेगवेगळ्या ग्रेट व्हाइट येऊन गेल्या असा संशोधकांचा अंदाज आहे आणि टॅग त्यांतल्या काहींनाच. बिनटॅगची शार्क बोयाखालून गेली तरी त्याला पत्ता नसतो. मी त्यांना हे सगळं सांगितलं, ते शांतपणे ऐकून गेले.

संध्याकाळी उरलेला सील वाळूवर लागला. मागचा अर्धा भाग नव्हता. चाव्याची कड मी जवळून पाहिली, माझ्या दोन वितींहून रुंद, करवतीने कापल्यासारखी.

मग नोंदवही भरली. वेळ 2.10. भरती. पाणी गढूळ. पाण्यातून काढलेली माणसं, सुमारे 60. जखमी, कोणी नाही. बोयाचा सिग्नल, नाही. खाली एक ओळ मी स्वतःहून वाढवली, की उद्यापासून ओहोटीच्या वेळी बांधावर जाणाऱ्या प्रत्येकाला चरीबद्दल सांगायचं, एकेकाला, मचाणावरून खाली उतरून.