क्रीटच्या घाटवाटा आणि आमच्या गुडघ्यांची वाट

ग्रीसला जाऊन आलो म्हटलं की सगळे सांतोरिनीचे फोटो मागतात, पांढरी घरं, निळे घुमट, तो सूर्यास्त वगैरे. आमच्याकडे ते नाहीत. आम्ही होतो क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला, स्फाकिया नावाच्या भागात, आणि मोबाईलमधले निम्मे फोटो दगडांचे आहेत, उरलेले बकऱ्यांचे. त्यामुळे ही पोस्ट ट्रेकर मंडळींसाठी, बाकीच्यांनी वाचली तरी हरकत नाही.

आधी भूगोल सांगते कारण त्याशिवाय मजा कळणार नाही. क्रीटच्या पश्चिम भागात लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर आहेत. सगळ्यात उंच शिखर पाख्नेस, २४५३ मीटर (आपली कळसूबाई १६४६). मे महिन्यातही माथ्यावर बर्फाचे पट्टे दिसतात, आणि हे डोंगर दक्षिणेला जे सुटतात ते थेट लिबियन समुद्रात. म्हणजे घाटमाथा आहे, कडा आहे, समुद्र आहे, पण मध्ये कोकणच नाही! त्या कड्याला उभ्या चिरा पडल्यात, त्याच या घळी. घाटवाटा करणाऱ्या माणसाला नकाशा बघूनच हात शिवशिवायला लागतात, कारण हे सगळं आपलंच आहे, देशावरून नाळेत शिरायचं आणि खाली उतरायचं, फक्त खाली गाव आणि एसटीच्या ऐवजी समुद्र आणि बोट.

खडक मात्र पूर्ण वेगळा. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, थरावर थर, पाणी वरून धबाधबा कोसळतं. इथे बराचसा चुनखडक, त्यात पाणी थांबतच नाही, भेगांमधून आत मुरतं आणि खडक विरघळवत खाली जातं. या डोंगरांत गुर्गुथाकास नावाची गुहा आहे, खोली १२०८ मीटर! त्यामुळे वर उन्हाळ्यात अक्षरशः थेंब मिळत नाही आणि तेच पाणी खाली समुद्राच्या काठाशी वर येतं. लुत्रो गावाजवळ ग्लिका नेरा नावाचा बीच आहे, तिथे समुद्रापासून हातभर अंतरावर गोटे बाजूला करून खड्डा केला की गोडं गार पाणी लागतं. पहिल्यांदा चाखलं तेव्हा माझा विश्वासच बसेना.

आता समारियाची घळ. क्रीटला जाणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतंच, १९६२ पासून नॅशनल पार्क आहे. खान्या शहरातून पहाटेची बस पकडून ओमालोसच्या पठारावर जायचं, साधारण १२०० मीटरवर झिलोस्कालो म्हणून जागा आहे तिथून सुरुवात, आणि मग १६ किलोमीटर चालून समुद्रावर आगिया रुमेलीला. पहिले काही किलोमीटर म्हणजे नुसता उतार, नागमोडी दगडी वाट, एका बाजूला लाकडी कठडा, समोर गिंगिलोसचा राखाडी कडा अंगावर येतो. सगळे इथेच धावत सुटतात आणि गुडघ्यांचं पुढे जे व्हायचं ते होतं. मी पोल्स (चालायच्या काठ्या) घेतले होते तेव्हा नवरा हसला होता, तिसऱ्या तासाला "अगं एक दे ना इकडे" सुरू झालं. दिला नाही.

आत पाण्याची सोय चांगली आहे, वरच्या भागात झऱ्यांना नळ लावलेत, त्यामुळे चार लिटरचं ओझं न्यायची गरज नाही. मध्यावर जुनं समारिया गाव लागतं, पार्क झाल्यावर इथल्या लोकांना उठवलं, आता दगडी घरं, गार्ड आणि बाकडी एवढंच. तिथेच बहुतेक वेळा क्री-क्री दिसतात, म्हणजे क्रीटच्या रानबकऱ्या, मोठाली मागे वळलेली शिंगं. फोटोत फार रुबाबदार दिसतात, प्रत्यक्षात आमच्या सँडविचवर डोळा ठेवून होत्या. गार्डांकडे खेचरं असतात, ज्याचा पाय मुरगळला त्याची वरात त्यावरून निघते. आत शिरताना घेतलेलं तिकीट बाहेर पडताना परत दाखवावं लागतं, कोणी आत राहिलं नाही ना हे कळायला, कारण मुक्कामाला परवानगी नाहीच.

शेवटी येतात ते 'पोर्तेस', दरवाजे. दोन्ही बाजूला जवळपास तीनशे मीटरचे कडे आणि मध्ये जेमतेम चार मीटर जागा, खालून ओढा. हे भारीच आहे, यात वाद नाही. पण मे महिन्यात दुपारी तिथे रांग होती, फोटोसाठी! एक बाई ड्रेस बदलून आल्या होत्या. माझं मत विचाराल तर समारिया एकदा करावी, पण पहिल्या बसने जाऊन, नाहीतर सिंहगडावर रविवारी जाऊन आल्याचं समाधान मिळेल. आणि ती करून "क्रीटचे ट्रेक झाले" असं म्हणून परत जाऊ नये, कारण खरी मजा पुढे आहे.

आगिया रुमेलीला गाडीरस्ता नाही. संध्याकाळची बोट सगळ्यांना उचलून एकीकडे सूगियाला, दुसरीकडे लुत्रो आणि खोरा स्फाकियोनला नेते आणि गाव एकदम रिकामं होतं. आम्ही तिथेच राहिलो, समुद्रात पाय सोडून बसलो, आणि दुसऱ्या दिवशी ई-४ पकडली. ही ई-४ म्हणजे युरोपभर जाणारी लांब पायवाट, क्रीटच्या किनाऱ्यावरचा तिचा आम्ही केलेला तुकडा आगिया रुमेली ते लुत्रो, पाच-सहा तासांचा. वाटेत आगिओस पाव्लोस म्हणून छोटं दगडी चर्च अगदी वाळूवर उभं आहे, बायझंटाइन काळातलं, संत पॉल इथे उतरला अशी श्रद्धा. मग पाइनच्या झाडांतून, मग नुसत्या तापलेल्या कातळावरून आडवं चालणं, उजवीकडे खाली निळंशार पाणी. सावली नाही. थाईम आणि सेजचा वास मात्र डोक्यात बसतो, बूट घासला तरी वास येतो.

आणि अरादेनाची घळ! ही पोस्ट खरं तर तिच्यासाठीच लिहितेय.

लुत्रोहून सकाळी लवकर निघालो. गावाच्या मागे कडा आहे आणि त्यावर झिगझॅग वाट, साधारण सहाशे मीटर चढून अनोपोलीच्या पठारावर. चढ म्हणजे चढच, बोलणं बंद. वर अनोपोलीच्या चौकात दास्कालोयान्निसचा पुतळा आहे. हा इथलाच श्रीमंत जहाजमालक, १७७० मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव केला, रशियाकडून मदत यायची होती ती आलीच नाही, शेवटी शरण गेला आणि १७७१ मध्ये इराक्लिओला त्याची जिवंतपणी कातडी सोलली. हे वाचल्यावर आपल्या माणसाला कोण आठवणार ते सांगायला नको. डोंगरी मुलूख, अवघड वाटा, बाहेरच्या सत्तेला कधीच पूर्ण न मानणारी माणसं, स्फाकियाचं गणित कळायला आपल्याला वेळ लागत नाही. अजूनही इथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं आहेत, कोणी का मारतं विचारलं तर खांदे उडवतात.

चौकाजवळ स्फाकियानी पिता खाल्ली, म्हणजे पातळ पोळीत मिझिथ्रा चीज भरून तव्यावर भाजतात आणि वरून मध. पुरणपोळीची लांबची बहीण समजा. दुसरी मागवल्यावर हॉटेलच्या आजी खूश झाल्या आणि न मागता राकीचे (इथली कडक दारू) दोन छोटे ग्लास आले, सकाळी दहाला, पुढे घळ उतरायची असताना! नवऱ्याने दोन्ही संपवले, पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं म्हणे.

पुढे तासाभराच्या आत अरादेनाचा पूल. लोखंडी सांगाडा आणि वर लाकडी फळ्या, खाली १३८ मीटर रिकामं. गाडी गेली की फळ्या अशा खडखडतात की आपण आपोआप कठड्याला चिकटतो. हा पूल १९८६ मध्ये झाला, इथल्याच एका धनाढ्य कुटुंबाने पैसे दिले. त्याआधी पलीकडे जायला एकच मार्ग, एका काठाने दगडी पायऱ्यांची खेचरवाट उतरून तळाला जायचं आणि दुसऱ्या काठाने चढायचं, लग्नाची वरात असो की आजारी माणूस. आणि गंमत बघा, पूल झाला तेव्हा पलीकडचं अरादेना गाव ओसच पडलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन घराण्यांत वैर पेटलं, खून पडले, आणि लोक गाव सोडून गेले. सुरुवात बकरीच्या गळ्यातल्या घंटेवरून झाली असं सांगतात. एक घंटा! आता छपरं पडलेली घरं, अंगणात अंजिराची झाडं, आणि कड्याच्या टोकाशी मायकेल देवदूताचं जुनं चर्च, ते मात्र नीट राखलेलं.

आम्ही त्याच जुन्या खेचरवाटेने उतरलो. काय बांधलीये! उभ्या कातळाला चिकटून वळणावळणाने, एकेक दगड बसवलेला, आपल्या नाणेघाटाची फरसबंदी आठवते. तळाला पोहोचलं की एकदम थंड. वर मान करून बघितलं तर पूल आगपेटीच्या काडीएवढा. मग गोटे आणि धोंड्यांतून खाली, कधी उड्या मारत, कधी बसून सरकत. जिथे मोठमोठे धोंडे अडकून वाट बंद होते तिथे पूर्वी शिडी-दोर होते, आता कडेने वर चढून जाणारी वाट काढलीये, आपल्या नेहमीच्या लोकांना अजिबात अवघड नाही पण उंचीची भीती असेल तर विचार करा. दगडावर दगड रचलेल्या खुणा आहेत, त्या सोडायच्या नाहीत. वरून बकऱ्या चालल्या की दगड सुटतात, घंटेचा आवाज आला की थांबून वर बघायचं हे आम्ही लगेच शिकलो. घळीत पडून मेलेल्या बकऱ्याही दिसतात, वास आधी येतो. आकाशात गिधाडं असतातच.

अख्ख्या घळीत आम्हाला एक जर्मन काका-काकू भेटले, बस. पाण्याचा एक थेंब नाही, माणशी तीन लिटर घ्याच. हळूहळू भिंती लांब होतात, कण्हेरीची गुलाबी झुडपं सुरू होतात (हो, आपलीच कण्हेर, इथे ओढ्याच्या पात्रात रानटी वाढते) आणि एका वळणानंतर समोर मार्मारा बीच. बूट काढून कपड्यांसकट पाण्यात. आंबोळी घाटातून वगैरे उतरून घामाने चिकट होऊन एसटीची वाट बघण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे सुख जरा जास्तच होतं. तिथून लुत्रो परत तासा-दीड तासात.

इम्ब्रोसची घळही केली. ती सोपी, ८ किलोमीटर, एका ठिकाणी दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतात. सांदण दरी केलेल्यांना अरुंदपणाचं काही वाटणार नाही, पण मे १९४१ मध्ये याच बाजूने ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे हजारो सैनिक जर्मनांपासून मागे हटत खोरा स्फाकियोनच्या किनाऱ्यावर उतरले होते. उत्तरेकडून येणारा रस्ता तेव्हा कड्याच्या डोक्यावरच संपत होता, पुढे पायी. रात्री बोटींनी जमतील तेवढ्यांना इजिप्तला नेलं, उरलेले हजारो १ जूनला कैद झाले. तहानेने कासावीस माणसं, वरून विमानं, आणि आपण तिथून बिस्किटं खात चालतोय, थोडं विचित्र वाटतं.

आता कामाचं. एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये घळ म्हणजे भट्टी. समारिया साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, पाऊस असेल किंवा फार ऊन असेल तर बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करा. पावसात बाकीच्या घळींतही शिरू नका, वर कुठे पडतोय ते खाली कळत नाही आणि पाणी यायला दुसरी वाट नाही. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, कारण चुनखडक धारदार असतो, माझ्या बुटाच्या सोलचे तुकडे निघाले. बोटींचं वेळापत्रक वाऱ्यावर, शब्दशः, समुद्र खवळला की सेवा बंद, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लुत्रोत राहू नका. आई-बाबांना न्यायचं असेल तर इम्ब्रोस, ज्यांनी घाटवाटा केल्यात त्यांनी थेट अरादेना. शाकाहारी लोकांची उपासमार होत नाही, रानभाजी उकडून ऑलिव्ह तेल-लिंबू घालून देतात तिला 'होर्ता' म्हणतात, सोबत पाव, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आणि ती पिता. रोख पैसे जवळ ठेवा. वाटेची जीपीएक्स फाइल (मोबाईलच्या नकाशात टाकायची) कोणाला हवी असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवते.