मोठी माणसं गैरहजर

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पुस्तक भेट द्यायचं म्हटलं की आपल्यातल्या भल्याभल्यांच्या अंगात शिक्षणाधिकारी संचारतो. एरवी दिवाळी अंक हातात आला की आधी व्यंगचित्रं शोधणारा माणूस दुकानात शिरल्यावर थेट थोरामोठ्यांच्या चरित्रांकडे वळतो. ‘काहीतरी चांगलं दाखवा,’ म्हणतो. चांगलं म्हणजे ज्यात कुणी खो-खो हसत नाही, कुणाला भूत दिसत नाही, कुणी घरात न सांगता कुठे जात नाही आणि शेवटच्या पानापर्यंत सगळ्यांना आपापल्या चुका कळलेल्या असतात. मुलगा ‘थँक यू काका’ म्हणतो, वाकून नमस्कार करतो आणि ते पुस्तक जन्मभर नवंकोरं राहतं. आमच्या ताईकडे अशा पुस्तकांची एक अख्खी फळी आहे. दर मुंजीला, दर वाढदिवसाला तिच्यात भर पडते आणि पुढच्या मुंजीला त्यातलंच एखादं, पहिल्या पानावरचं नाव नीट खरवडून, दुसऱ्याच्या घरी जातं.

ताईची मुलगी नववीत आहे. ‘तिला वाचनाची आवडच नाही,’ ही घरातली कायमची तक्रार. ही मुलगी रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर कोरियन मालिकांची सबटायटल्स वाचत असते. म्हणजे वाचायचा कंटाळा नाही, आपण दिलेलं वाचायचा कंटाळा आहे.

आमच्या बडोद्यात तर ही गोष्ट आणखी अवघड. या पोरांची शाळा इंग्रजीत, रिक्षातल्या गप्पा गुजरातीत, रील्स हिंदीत, आणि मराठी उरते ती आजीशी भांडायला. देवनागरी येते तीसुद्धा हिंदीच्या तासाच्या कृपेने. त्यामुळे मराठी पुस्तकाची पहिली दहा पानं त्यांना चढणीची वाटतात. दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेलं मूलही मराठी ओळ वाचताना मनातल्या मनात ओठ हलवतं. तेवढी चढण चढून गेल्यावर समोर उपदेश भेटला, तर पुन्हा त्या वाटेला कोण जाईल?

आणि हे अशा गावात, जिथे पुस्तकांचं एवढं कौतुक झालं! सयाजीराव महाराजांनी 1906 साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण वाचायला शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही हवं, हे ओळखून त्यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणवला आणि सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नव्हतं, तिथे लाकडी पेट्यांत भरून पुस्तकं जायची. मला त्या पेट्यांचं फार कुतूहल आहे. गावच्या चावडीत ती पेटी उघडली की दहा-बारा वर्षांची पोरं आधी कशावर झडप घालत असतील? शेतीच्या माहितीपुस्तिकेवर नक्कीच नाही.

तर पुस्तक निवडायची माझी एक साधी कसोटी आहे. पहिली दहा पानं चाळायची आणि पाहायचं, यातली मोठी माणसं कुठे आहेत? ती गैरहजर असतील, बावळट असतील किंवा त्यांना काही पत्ताच नसेल, तर पुस्तक घ्यायला हरकत नाही. पण ती जवळच बसून सगळं जाणत असतील आणि त्यांचंच बरोबर निघत असेल, तर पुस्तक फळीवर जाणार हे धरून चालावं. या वयात मुलांना प्रत्यक्षात एक मिनिट एकटं सोडत नाही आपण. शाळा, मग ट्यूशन, मग ‘पोचलीस का, फोन कर.’ निदान पुस्तकात तरी त्यांना कुणी विचारायला नको, कुठे चाललास म्हणून.

भा. रा. भागवतांनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. बुडाखाली सायकल, तोंडात ‘ट्टॉक्’ आणि आई-बाबा लांब. बस्स, निम्मं काम तिथेच झालं. पुढे तो प्रतापगडावर जावो नाहीतर आणखी कुठे, वाटेत ‘आधी गृहपाठ’ म्हणणारं कुणी भेटत नाही. हाडकुळा आहे, मारामारीत मार खातो, पण डोकं चालवतो. आजच्या मुलांना त्यातला काळ जुना वाटतो हे खरं. ट्रंककॉल म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं. पण फेणेच्या वेगापुढे तेवढं निभावतं.

सत्यजित राय यांच्या बंगाली गुप्तहेराचं, फेलूदाचंही तेच. 1965 मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात तो पहिल्यांदा अवतरला आणि आता मराठीतही मिळतो. गोष्ट सांगतो तो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. त्याच्या वडिलांचं काम काय, तर परवानगी देणं आणि कथेतून बाजूला होणं. पुढे त्यांच्याबरोबर जटायू येतो. धडाकेबाज रहस्यकथा लिहिणारा, टक्कल पडलेला, चांगला बाप्या माणूस. पण याच्या कादंबऱ्यांत ढळढळीत चुका असतात आणि त्या फेलूदा सुधारून देतो. भाचीला सगळ्यात आवडला तो जटायू. मोठ्या माणसाला काही येत नाही आणि तरीही तो आपला आहे, ही त्यातली गंमत तिने बरोबर पकडली.

बावळट मोठ्या माणसांवरून आठवलं. गुजराती मित्रांच्या घरी लहानपणी ज्यांचा धुमाकूळ असतो ते हरिप्रसाद व्यासांचे बकोर पटेल याच जातकुळीचे. तोंड बोकडाचं, रुबाब शेठचा आणि फजिती दर गोष्टीत ठरलेली. आपल्याकडे ही गादी चिमणरावांची. आणि चिमणराव पुण्याचे असले, तरी त्यांचे जन्मदाते चि. वि. जोशी आमच्या बडोद्याचे! हा माणूस बडोदा कॉलेजात पाली शिकवायचा. पालीचा गाढा अभ्यासक, आणि लिहिलं काय, तर गुंड्याभाऊच्या सोट्याच्या आणि चिमणरावांच्या फटफजितीच्या गोष्टी. युनिव्हर्सिटीच्या ज्या मोठ्या घुमटावरून भाची रोज स्कूटरवर मागे बसून ट्यूशनला जाते, ते बडोदा कॉलेज. मी तिला एकदा सांगितलं, ‘तो चिमणराव लिहिणारा माणूस इथे नोकरीला होता.’ ‘कोण चिमणराव?’ म्हणाली.

‘चिमणरावाचे चऱ्हाट’ 1933 चं. भाषा जुनी, धोतर-पगडीचा जमाना, मध्येच म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीवर टोमणे. नव्वद वर्षांपूर्वीचा हा विनोद नववीतल्या मुलीला कितपत पोचेल, अशी मलाही शंका होती. म्हणून मी ते तिला दिलंच नाही. हिंचक्याशेजारी फोन चार्जिंगला लावायची जागा आहे, तिथे उघडून पालथं ठेवलं. आमच्याकडे, म्हणजे बडोद्यातल्या निम्म्या घरांत, हिंचका हा घरातला एक सदस्यच असतो आणि त्याच्या कड्या कधी तेल पीत नाहीत. फोन पाच टक्क्यांवर आल्यावर ती हिंचक्यावर येऊन बसली. कर्र-कर्र सुरू झालं. एक पाय जमिनीवर, झोका मोठा. म्हणजे वैतागलेली आहे. मग झोका लहान झाला. मग पाय वर घेतला. मग हिंचका थांबलाच, आणि एकदम फिस्‌कन हसू. स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, ‘काय गं, काय झालं?’ तर ‘काही नाही,’ म्हणून पुस्तक बंद. हे ‘काही नाही’ फार महत्त्वाचं आहे. या वयात आवडलेली गोष्ट लपवायची असते. ‘बघ, आवडलं ना? मी म्हटलं होतं की नाही?’ असं जो म्हणेल, त्याने पुढचं पुस्तक कायमचं गमावलं. ताईने तेच केलं असतं, पण कुकरची शिट्टी झाली.

दूरदर्शनवर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर, त्यांनीच पुढे ‘बोक्या सातबंडे’ लिहिला. तोही बेस आहे, पण सहावी-सातवीपर्यंतच. नववीतल्या मुलीच्या हातात तो दिसला, तर वर्गात अब्रू जाते म्हणे.

आता भुतं. नारायण धारपांचं नाव काढलं की अजूनही काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. ‘तुंबाड’ सिनेमामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, एवढं कळल्यावर मात्र हीच मंडळी जरा आदराने बघायला लागली. धारपांची खासियत अशी की भूत यायच्या आधीचं घर ते इतकं नीट उभं करतात की ते येईपर्यंत आपल्याला जागेवरून हलायची सोय राहत नाही. भाचीने एक पुस्तक दोन बैठकांत संपवलं आणि मग आठवडाभर बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपली. ताईचा फोन आला, ‘हे काय वाचायला देतेस?’ मी म्हटलं, ‘मराठी.’

रहस्यकथांचं दुःख वेगळं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या, पण आता हाताला लागतात त्या जुन्या वाचनालयांतच. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, पानांना तो ओळखीचा वास, आणि पहिल्याच पानावर कुणा महाभागाने पेन्सिलीने लिहिलेलं असतं: ‘खुनी डॉक्टर आहे.’ या माणसाला मी आयुष्यात भेटलेले नाही, पण भेटला तर सोडणार नाही. भाचीला मात्र यातही मजा आली. तिने अख्खं पुस्तक डॉक्टरवर नजर ठेवून वाचलं, आणि डॉक्टर शेवटी निर्दोष निघाला. पेन्सिलवाला खोटारडा होता!

विज्ञानकथांमध्ये नारळीकर आहेतच. त्यांची सुरुवातही या वयाला शोभेल अशी चोरटी: मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. एवढा मोठा शास्त्रज्ञ नाव लपवून स्पर्धेत उतरतो, हे भाचीला कथेपेक्षा जास्त आवडलं.

आणि एके दिवशी तिने मला निरुत्तर केलं. ‘मावशी, यात मुली कुठायत?’ खरंच, कुठे आहेत? फेणेच्या, फेलूदाच्या टोळीत बहुतेक सगळे मुलगे किंवा बाप्ये. मुलींसाठी म्हणून आपण चटकन शांता शेळक्यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ पुढे करतो. ती गोड आहे यात वाद नाही, पण त्यातल्या मुली घरात जास्त आणि बाहेर कमी. सायकलवरून चोराच्या मागे लागणारी, रात्री गडावर अडकणारी, कुणाला न विचारता गाडीत बसून निघणारी मराठी मुलगी शोधायला गेलं की हात रिकामे येतात. मोठ्या माणसांना गैरहजर ठेवायचं धाडस आपल्या लेखकांनी मुलग्यांच्या बाबतीत केलं. मुलीच्या गोष्टीत मात्र आई दारात उभीच. हा राग मला तिच्यापेक्षा जास्त येतो. तूर्तास ती जुन्या ‘किशोर’मध्ये शोधते आहे. बालभारतीचं हे मासिक 1971 पासूनचं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. फोन हातातून सुटत नाही तर फोनवर हे वाचा, असं मी म्हटलं नाही. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, खाली काही न लिहिता.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वरून आमच्या घरात खरी वादावादी झाली. नववीतला मुलगा, आणीबाणीचा काळ, वर्गातली मुलगी, पोरांच्या तोंडच्या शिव्या. आई-वडील आहेत, प्रेमळ आहेत आणि त्यांना मुलाच्या डोक्यात काय चाललंय याचा थांगपत्ता नाही. माझ्या कसोटीवर शंभरपैकी शंभर. तिचे बाबा म्हणाले, ‘दहावी झाल्यावर वाचेल.’ आजोबा म्हणाले, त्यापेक्षा ‘श्यामची आई’ द्या. आता साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही. पण मी ते खरं वाचलं तिशी ओलांडल्यावर आणि ढसाढसा रडले. चौदाव्या वर्षी मला त्यातला श्याम आवडला नव्हता, कारण त्याची आई सारखी तिथेच होती. आजोबांना हे पटलं नाही. वाद अजून चालू आहे, आणि तेवढ्यात ‘शाळा’ घरातून नाहीशी झाली आहे. कुणी नेली ते कुणी विचारलेलं नाही.

नेमाड्यांच्या ‘कोसला’ला मात्र अजून वेळ आहे. ती अकरावीत गेली की बघू. तोवर ते माझ्या कपाटात खालच्या फळीवर, सहज दिसेल असं आहे, आणि ‘हिला एवढ्यात ते वाचू देऊ नकोस हं,’ असं मी ताईला परवा हिंचक्यावर बसल्या-बसल्या, भाची शेजारी असतानाच बजावून ठेवलंय.