पहिला रकाना

सात वर्षांचा स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा, बोलण्यात चार-पाचच शब्द. तक्रार अशी की तो स्वतःचं मनगट चावतो, भिंतीवर डोकं आपटतो. अशा मुलांच्या आयांना मी तीन रकान्यांचा तक्ता देते : आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक जणी पहिल्या रकान्यात 'काहीच नाही, अचानक' लिहून आणतात. तो रकाना भरून घेण्यातच आमचं खरं कसब. मूल उगाच डोकं आपटत नाही. मिक्सरचा आवाज, बदललेला रस्ता, दाढदुखी, काहीतरी असतंच.

या ताईंनी वहीत पट्टीनं रेघा आखून पंधरा दिवस लिहिलं होतं. पहिल्या रकान्यात एकच वाक्य पुन्हापुन्हा : 'मी बाथरूमचं दार लावलं.' नवव्या दिवसापासून ते वाक्य नाही, डोकं आपटणंही जवळजवळ बंद.

"केवढा फरक पडलाय! काय केलंत?"

"दार लावतच नाही आता, मॅडम. आंघोळ रात्री एक वाजता करते, तो झोपल्यावर."

मी वही मिटली आणि नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली काढली. शेवटचा प्रश्न, मरण आलं तर बरं असं वाटतं का? "जवळजवळ रोज. पण काही करणार नाही हो, याला कोण बघेल?"

त्याच दुपारी मी स्वतः त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले, नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. सासूबाईंच्या मते दोष आईचाच. आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता येते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच खोडून काढलंय. आपल्या घरांपर्यंत ते अजून पोचायचंय. आमच्या केसपेपरवर मुलाच्या झोपेला, शी-शूला जागा आहे. आईच्या झोपेला नाही. याचा मला संताप येतो.

आता दार लावायचा सराव बाबांकडे दिलाय. दारावर आईचा फोटो, बाहेर बाबांच्या हातात वाळूचं घड्याळ. पहिल्या दिवशी दहाच सेकंद, आई आतून बोलत राहणार. गेल्या मंगळवारी चार मिनिटं झाली. ताईंची औषधं सुरू आहेत.

त्या दिवशी 'काय केलंत' हे मी सहज विचारलं. नसतं विचारलं तर 'सुधारणा' असा शेरा मारून त्यांना घरी पाठवलं असतं. तसा शेरा मारलेले जुने केसपेपर काढून त्या मुलांच्या आयांना फोन करतेय. कालपर्यंत अकरा झाले.