काळ्या पोलोचं पॉलिशिंग: बॉनेट, छप्पर आणि डावी बाजू पूर्ण

बॉनेट, छप्पर आणि संपूर्ण डावी बाजू झाली. उजवी दारं, दोन्ही बंपर आणि पिलर (खिडक्यांमधले खांब) बाकी आहेत. गाडी चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलो, रंग डीप ब्लॅक. स्वर्ल, म्हणजे उन्हात जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे, दाखवण्यात काळ्या रंगाचा हात कुणी धरू शकत नाही, त्यामुळे या गाडीवर काहीच लपत नाही. काय केलं तेही लिहितोय आणि काय मुद्दाम केलं नाही तेही, कारण स्वर्ल काढायची माहिती भरपूर मिळते, पण कुठे थांबायचं याबद्दल फार कमी बोललं जातं.

मशीन हातात घ्यायच्या आधी रंगाची जाडी मोजणारा गेज फिरवला. बॉनेटवर आकडे ११०पासून १२२ मायक्रॉनपर्यंत आले, छपरावर साधारण तेवढेच. उजव्या मागच्या दारावर मात्र २३० ते २६०. म्हणजे ते दार कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे. गेज सांगतो ती सगळ्या थरांची मिळून जाडी: प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट. कंपनीच्या रंगात क्लिअरकोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि आपलं सगळं काम त्याच्याही वरच्या काही मायक्रॉनमध्ये चालतं. ऊन थोपवणारी द्रव्यं याच थरात असतात. छपराची पांढरी सालं निघालेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर दिसतात ना, तो संपलेला क्लिअरकोट. एकदा गेला की पॉलिशने परत येत नाही, पॅनल रंगवावंच लागतं. कंपाउंडिंगची, म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशची, एक फेरी एकदोन मायक्रॉन खाते असं धरून चालावं. आपल्याकडच्या साध्या गेजमध्ये तेवढा फरक चुकीतच धरलेला असतो, म्हणून ‘आधी ११८, नंतर ११७’ असल्या आकड्यांवर मी विसंबत नाही. गेजचा खरा उपयोग कुठे रंग पातळ आहे आणि कुठे रिपेंट आहे हे कळण्यासाठी. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो काहीच दाखवत नाही, त्याला खाली धातू लागतो.

स्वर्लबद्दल एक गोष्ट नव्याने येणाऱ्यांनी नीट बघून घ्यावी. उन्हात बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं, तसे गोल ओरखडे प्रत्यक्षात तिथे नसतात. ओरखडे सरळ आणि वाटेल त्या दिशेचे असतात. त्यातले फक्त दिव्याभोवतीच्या वर्तुळाला धरून गेलेले डोळ्याकडे चमक फेकतात आणि बाकीचे गप्प राहतात. टॉर्च हलवा, जाळंही सोबत हलतं. म्हणूनच कापड गोल फिरवल्याने स्वर्ल येतात आणि सरळ पुसलं तर येत नाहीत, हा समज खरा नाही. धूळ कापडाखाली घासली गेली की ओरखडा पडतो, हात कसाही फिरवा. पसरट उजेडात, म्हणजे शोरूमच्या छताखाली किंवा ढगाळ दिवशी, हेच पॅनल आरशासारखं दिसतं. काम तपासायला एकाच ठिकाणाहून येणारा उजेड हवा: हातातला एलईडी टॉर्च, आणि शेवटचा निकाल उन्हात.

धुण्याबद्दल लिहिण्यात फार वेळ घालवत नाही. शाम्पू, मग खालच्या पट्ट्यांवरचे डांबराचे ठिपके, मग लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर. दारांच्या खालच्या भागात आणि डिकीच्या दारावर तो जांभळा होऊन ओघळला, भोसरी-पिंपरी पट्ट्यात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीवर हे व्हायचंच. त्यानंतर क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती. धुतलेल्या पॅनलवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा, नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ती खरखर जाईपर्यंत क्ले. क्ले स्वतः बारीक खुणा सोडतो, त्यामुळे मागून पॉलिश करणार नसाल तर काळ्या गाडीवर तो जपून वापरा.

आता टेस्ट स्पॉट, म्हणजे कुठला पॅड आणि कुठलं पॉलिश पुरेल ते एका छोट्या जागेवर आजमावणं. या सगळ्या कामात मला सर्वात आवडणारा भाग हाच. बॉनेटवर मधोमध, कडांपासून लांब, हातभर चौकोन टेपने आखून घेतला. मशीन १५ मिलिमीटर फेकीचं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) आहे, म्हणजे त्याचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता तेवढा झोकाही घेतो. एवढी मोठी फेक रूपेस या इटालियन कंपनीने बिगफूट मालिकेतून लोकप्रिय केली, आता तशी स्वस्त यंत्रंही मिळतात आणि माझं त्यातलंच एक. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: फिनिशिंगचा मऊ फोम आणि मेग्वायर्सचं एम २०५ हे बारीक पॉलिश. चकाकी लगेच वाढली, पण टॉर्चखाली जाळं जवळपास होतं तसंच. क्लिअरकोट कडक आहे हे तिथेच कळलं. मग कटिंगचा फोम आणि अल्टिमेट कंपाउंड. पहिल्या दोन पासमध्ये (पास म्हणजे त्या भागावरून मशीन एकदा फिरवणं) काहीच वाटलं नाही, तिसऱ्या-चौथ्यापासून टॉर्चभोवतीचा धुरकटपणा विरत गेला, काळा रंग खोल दिसायला लागला आणि त्यात काही सुट्या, लांब रेघा तेवढ्या उरल्या. त्याच चौकोनाच्या शेजारी मायक्रोफायबर पॅडवर तेच कंपाउंड चालवून पाहिलं. त्या रेघाही बहुतेक गेल्या, पण पॅडने स्वतःचा बारीक धुरकटपणा मागे ठेवला, तो एम २०५ने वेगळा काढावा लागला.

इथे निर्णय घ्यायचा होता. मायक्रोफायबरने संपूर्ण गाडी केली असती तर उन्हात फोटो काढण्यासारखं काम झालं असतं. मी फोम निवडला. ही गाडी रोज चालते, पुढेही चालणार आहे आणि दोनतीन वर्षांनी तिला पुन्हा हलकं पॉलिश लागेल. त्या वेळेसाठी क्लिअरकोट आजच शिल्लक ठेवायला हवा. सुट्या रेघा दोन पावलं मागे गेलं की दिसत नाहीत. नखाला अडकणारा ओरखडा तर पॉलिशने काढायच्या फंदातच पडू नये, त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या की तो निम्मा लपतो, तेवढं पुरे.

प्रत्येक वेळी तपासण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पॅनल पुसलं. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात भरून बसतं आणि काम झाल्यासारखं भासवतं. चारपाच धुण्यांनी ते निघून गेलं की जाळं परत वर. गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलेली गाडी महिन्याभरात पुन्हा तशीच का दिसते, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

हाताचा वेग हा दुसरा मोठा मुद्दा. सेकंदाला बोटा-दीड बोटाएवढंच पुढे सरकायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. आडवे पास, मग उभे. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड चिकटतो त्या चकतीच्या, कडेला मार्करने काळी रेघ मारून ठेवली आहे. रेघ फिरताना दिसतेय म्हणजे पॅड फिरतोय. पोलोच्या दारावर हँडलच्या उंचीला जी धारदार रेषा जाते, तिच्यावर पॅड तिरका पडला की रेघ थबकते: पॅड नुसता थरथरतो, कापत काहीच नाही. तिथे जोर वाढवून उपयोग नाही, पॅड सपाट टेकवायचा. तसंही त्या धारेवर क्लिअरकोट सगळ्यात पातळ असतो, म्हणून तिच्यावर टेप लावून वरचा आणि खालचा भाग वेगळा केला. ओळखीचे एक पेंटर आहेत, आयुष्य रोटरीवर, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मशीनवर, गेलेले. त्यांना डावं दार दाखवलं तेव्हा त्यांनी आधी चमक पाहिली नाही, धारेवरून अंगठा फिरवला. ‘इथं रंग जिवंत ठेवलात, हे बरं केलंत,’ एवढंच म्हणाले.

प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने साफ केला. निघालेला क्लिअरकोट आणि वाळलेलं कंपाउंड पॅडमध्ये साठलं की कट कमी होतो आणि उष्णता वाढते. आमचं पार्किंग तळघरात, धूळ भरपूर. सुरुवातीला जमिनीवर पाण्याचा सडा मारतो, धूळ बसते. पुण्यात या कामाला थंडीसारखा ऋतू नाही. मे महिन्यात कंपाउंड पॅनलवर पडताच वाळायला लागतं.

आता ज्या कारणाने हे जाळं पडलं त्याबद्दल. सोसायटीत रोज पहाटे एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरावीस गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत पोचते. आमच्याकडे पुसणाऱ्या काकांना मी बॉनेटवर टॉर्च धरून दाखवला, अर्धा चौकोन केलेला आणि अर्धा तसाच. ते बराच वेळ वाकून बघत होते.

‘मग रोज धूळ तशीच ठेवायची का साहेब?’

‘हो काका. काचा आणि चाकं पुसा, बॉडीला फडकं नको. पैसे आहेत तेवढेच राहतील.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बॉडीला हात लावलेला नाही. रविवारी मी स्वतः धुतो: दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायची, आणि पाण्याच्या फवाऱ्याने माती वाहून गेल्याशिवाय मिट लावत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणारे बरेच जण आहेत. पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात आणि काळ्या रंगावर त्याचे पांढरे डाग वाळून बसतात. ते फरशीला वापरा. बोअरचं पाणी असेल तर सावलीत धुवा आणि लगेच टिपून घ्या.

सिरॅमिक कोटिंगबद्दल दोघातिघांनी विचारलं. त्याच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या मापातला आहे, हिऱ्याच्या नाही. कोटिंगने पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. मातीच्या फडक्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. आणि स्वर्ल तसेच ठेवून वर कोटिंग मारलं तर खालचं जाळं तिथेच राहतं, मग ते काढायला आधी कोटिंग काढावं लागतं. मी सध्या सिलिकाचा स्प्रे सीलंट वापरतोय, काही महिन्यांनी पुन्हा मारायचा.

उरलेल्या कामात मला सगळ्यात जास्त उत्सुकता उजव्या मागच्या दाराची आहे. रिपेंटचा क्लिअरकोट कंपनीच्या थरापेक्षा वेगळा वागतो, बऱ्याचदा मऊ असतो. तिथे गेजवर जाडी भरपूर दिसतेय, पण खाली लांबी (पुट्टी) किती आणि क्लिअरकोट किती हे त्या आकड्यावरून कळत नाही, म्हणून तिथेही हात राखूनच. दाराच्या खालच्या कोपऱ्यात वेगळा टेस्ट स्पॉट घेणार: आधी फिनिशिंग फोम आणि एम २०५, मशीनचा वेग कमी. धुरकटपणा राहिला तर जोर आणखी कमी करून शेवटचे दोन पास. पिलरसाठी तीन इंची छोटं मशीन काढलंय, मोठा पॅड तिथे काचेच्या रबरावर चढतो. बंपर सगळ्यात शेवटी. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती वरच्या रंगातच साठते, त्यामुळे तिथे एका वेळी दोनच पास, मग तळहात लावून बघायचं, गरम लागलं तर दुसऱ्या टोकाला जायचं.