ट्रोम्सोची दुपार म्हणजे चार तासांची तिन्हीसांज

ट्रोम्सो म्हणजे नॉर्वेच्या पार उत्तरेचं गाव, ऑस्लोहून विमान साधारण दोन तासांचं. डिसेंबरात सकाळी अकराच्या सुमारास निघालो तेव्हा मागच्या बाजूला सूर्य होता, म्हणजे अगदी क्षितिजाला टेकलेला पण होता, आणि मग जसजसं विमान उत्तरेला सरकत गेलं तसतसा तो भर दुपारी खाली खाली जायला लागला आणि उतरेपर्यंत गायब. वेळ दुपारची एक. रनवेवर दिवे, बाजूला बर्फ, आकाश गडद निळं. मावसबहीण तिथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करते, ती घ्यायला आली होती, म्हणाली, लवकर चल, उजेड आहे तोवर घरी पोचू. मी म्हटलं ताई, उजेड? याला उजेड म्हणतात? दोन दिवसांत मीही तेच म्हणायला लागले.

पोलर नाइट, म्हणजे ध्रुवाकडच्या हिवाळ्यातली लांबच लांब रात्र, म्हटलं की आपल्या डोक्यात लोडशेडिंग येतं. मीही पुण्यातून निघताना सगळ्यांना हेच सांगून आले होते की २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तिथे सूर्य उगवतच नाही. ते खरंच आहे, पण सूर्य न उगवणं आणि अंधार असणं या दोन गोष्टी पार वेगळ्या आहेत. ट्रोम्सो साधारण ६९.६ अक्षांशावर, त्यामुळे २१ डिसेंबरला सुद्धा दुपारी पावणेबाराच्या आसपास सूर्य क्षितिजाच्या फक्त ३ अंश खाली असतो. सूर्य ६ अंशांपर्यंत खाली असला तर बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं, १२ अंशांपर्यंत समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ दिसते, आणि १८ अंशांच्या खाली गेला की मग खऱ्या अर्थाने पूर्ण रात्र, ज्यात अगदी फिके तारेसुद्धा दिसतात. या हिशेबाने वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी सुद्धा ट्रोम्सोत चार-सव्वाचार तास बिनादिव्याचा उजेड मिळतो, साधारण साडेनऊ ते पावणेदोन. त्याच्या दोन्ही बाजूंना पुसट होत जाणारा संधिप्रकाश वेगळाच. आकाश निरभ्र हवं पण, ढग आले की सगळं राखाडी होऊन बसतं.

मला गंमत वाटली ती पुढच्या आकड्याची. त्या दिवशी तिथे पूर्ण अंधार किती, तर साधारण साडेतेरा तास. आणि त्याच रात्री पुण्यात? जवळजवळ साडेदहा तास! म्हणजे जगभर "अंधाराचं शहर" म्हणून ज्याचा गवगवा त्याच्याकडे आपल्यापेक्षा फक्त तीन तास जास्त अंधार. हे मी जेवताना कागदावर मांडून दाखवलं तर भाऊजी म्हणाले, तीन तास जास्त असतील हो, पण तुमच्याकडे मधे ऊन असतं.

बरोबरच आहे त्यांचं. लोक तिथे कॉड लिव्हर ऑइल घेतात, डिसेंबरभर प्रत्येक खिडकीत कागदी चांदणीचा दिवा नाहीतर सात दिव्यांची कमान, आणि कोटाला, दप्तराला, कुत्र्याच्या पट्ट्याला सुद्धा चमकणारे रिफ्लेक्टर. सूर्य हिशेबाने १५ जानेवारीला वर येतो, पण दक्षिणेला डोंगर आहेत त्यामुळे गावातून दिसतो २१ तारखेला, त्या दिवशी सोलबोले नावाचे गोड तळलेले गोळे खायचे असतात, आत जॅम. ढग असले तरी खायचेच.

दुपारचं आकाश मात्र बघत राहावं असं. पुलाच्या मध्यावर उभं राहिलं तर दक्षिणेला नारिंगी-गुलाबी पट्टा, डोक्यावर निळा, आणि उत्तरेला क्षितिजालगत काळपट निळा थर, त्याच्यावर पुसट गुलाबी. तो काळपट थर म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. आपल्याकडेही दिसते ती, सिंहगडावर सूर्य बुडाल्यावर पूर्वेला तोंड करून उभे राहिलात तर, पण थोड्याच वेळात रात्रीत मिसळून जाते. तिथे कॅमेऱ्याची बॅटरी संपली, घरी जाऊन दुसरी आणली, तरी सावली तिथेच. आणि डोक्यावरचा तो निळा नेहमीच्या दिवसाच्या निळ्यासारखा नाही, जास्त खोल आहे, कारण तिरका येणारा प्रकाश ओझोनच्या थरातून खूप लांबचा रस्ता कापून येतो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. मला वाटायचं संधिप्रकाशाचा रंग म्हणजे धूळ आणि प्रदूषण, तर तसं नाही.

हा संधिप्रकाश इतका रेंगाळतो का, तर सूर्याचा रस्ता तिथे फार तिरका आहे. आपल्याकडे तो जवळजवळ उभाच खाली उतरतो, मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी पुण्यात सूर्यास्तापासून पूर्ण अंधारापर्यंत जेमतेम सव्वा तास लागतो, ट्रोम्सोत त्याच दिवशी चार तास. सूर्य जणू घाटातल्या एसटीसारखा वळणावळणाने उतरतो. आईला फोनवर हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, अगं मग तिन्हीसांजेला झोपायचं नाही हे तुम्ही पाळता कसं? डिसेंबरात अख्खी दुपारच तिन्हीसांज म्हटल्यावर वामकुक्षी बंदच की! ताईने शांतपणे सांगितलं, मावशी, आम्ही झोपतो.

आम्ही नेमके मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास तिथे होतो आणि चंद्र मावळेचना. दत्तजयंतीचा चंद्र मृगाच्या आसपास असतो, म्हणजे आकाशाच्या अगदी उत्तरेकडच्या भागात, आणि चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे या काही वर्षांत तो आणखीच उत्तरेला जातोय, २०२४-२५ च्या आसपास कमाल होती. त्यामुळे तो काही दिवस सलग आकाशात गोल फिरत राहतो, रात्री दक्षिणेला उंच, दुपारी उत्तरेला डोंगरांच्या डोक्यावर. आणि खाली सगळा बर्फ. त्या उजेडात माझी सावली स्पष्ट पडत होती. अमावास्येकडे उलटं, चंद्र काही दिवस उगवतच नाही, मग खरा काळोख. डिसेंबरात काळोख हवा असेल तर तारीख पंचांगातून काढायची, हवामानाच्या ॲपमधून नाही.

ताऱ्यांचं सांगायचं तर ध्रुव जवळजवळ डोक्यावर, मान मोडून बघावा लागतो. सप्तर्षी, ब्रह्महृदय, अभिजित कधी मावळतच नाहीत. पण मृग इतका खाली की पाय डोंगरात, व्याध हिशेबाने क्षितिजाच्या साडेतीन अंश वर पण डोंगराआड, आणि अगस्त्याचा तर प्रश्नच नाही, तो तिथे कधीच उगवत नाही. मला खरंच चुकल्यासारखं झालं त्याच्याशिवाय. ऑरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री नाचणारा प्रकाश, तोही दिसला, हिरवा, शंभरेक किलोमीटर वर ऑक्सिजन चमकतो तो, त्यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी सोडून देते.

ताई एकदा कामासाठी स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्याच आणखी उत्तरेकडच्या बेटांवर, जाऊन आली, तिथल्या लाँगइयरब्येन गावाला, ७८ अक्षांश. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य साडेअकरा अंश खाली, म्हणजे दक्षिणेला नुसता निळसर पट्टा, बाकी तारे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत असंच. जेवायला बाहेर जाताना डोक्याला टॉर्च लावून. तिच्या मते पोलर नाइट म्हणावी तर ती, ट्रोम्सोची म्हणजे टुरिस्टांसाठी आहे.

नंतर जूनमध्ये गेलो. मध्यरात्रीचा सूर्य साधारण २० मे ते २२ जुलै, केबल कारने ४२१ मीटरवर स्टूरस्टाइनेन डोंगरावर जायचं आणि रात्री पाऊण वाजता, घड्याळात पाऊण हां कारण समर टाइम, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे, सूर्य बरोब्बर उत्तरेला तीनेक अंशांवर. छान आहे. पण मला जून झेपला नाही. रात्री अकराला शेजारी गवत कापतायत, पोरं ट्रँपोलिनवर, खिडकीला जाड काळे पडदे, त्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ नेमकी डोळ्यावर. अंधाराने माणसं उदास होतात म्हणतात, मी तर उजेडाने चिडचिडी झाले. आणि हे फक्त त्या दोन महिन्यांचं नाही, पूर्ण रात्र तिथे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संपते ती थेट सप्टेंबरच्या मध्यानंतर येते. पावणेसहा महिने एक मिनिटही पूर्ण अंधार नाही. पुण्यात २१ जूनला सुद्धा आठ तास असतो (ढग आणि हॅलोजन सोडून द्या).

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सप्टेंबरची अखेर सांगते. दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी आखडत असतो, आपल्याकडे एक मिनिट आखडतो, त्यामुळे आठवड्याभरात फरक डोळ्यांना कळतो, संध्याकाळी साडेसहाला फिरायला निघालात तर साडेदहापर्यंत एकाच संधिप्रकाशाचे सगळे रंग बघून होतात, बर्फ नाही, गावातलंच प्रेस्तवानेट तळं गोठलेलं नसतं आणि विषुवदिनाच्या आसपास ऑरोराही जास्त मेहेरबान असतो. तारे बघायचे तर सर्वपित्री अमावास्या गाठायची, ती सप्टेंबर-ऑक्टोबरातच येते. घरचे म्हणतील पितृपक्षात कुठे निघालीस, त्यांना सांगायचं परत आल्यावर घट बसवू.